कोठीच्या खोलीतला समुद्र

आमच्या घरात समुद्र आला त्याआधी त्या खोलीत धान्य असायचं. पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, एक गव्हाची आणि एक ज्वारीची, त्यांच्या मागे जुन्या सायकलचं चाक, आणि कोपऱ्यात पप्पांनी वर्षानुवर्षं तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. खोलीला उत्तरेकडून एकच लहान खिडकी होती. उन्हाळ्यात सगळं घर तापलं की मी तिथल्या फरशीवर पालथी पडून राहायची. कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा आणि धान्याचा मिळून एक कडवट गोड वास यायचा, आणि आमच्या परतूरच्या स्टेशनात गाडी शिरली की फरशी अगदी बारीक थरथरायची. घरातली सगळ्यात थंड जागा ती. म्हणूनच ताईनं ती निवडली.

ताई म्हणजे प्रज्ञा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी सुजाता, पण घरात सगळ्यांची सुजी. पप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे, आई अंगणवाडीत होती. ताईनं जालन्याला बी. एस्सी. केलं आणि पुढं शिकायला रत्नागिरीला गेली. आमच्या नात्यात तोवर कुणी समुद्राच्या गावी राहिलेलं नव्हतं. ती सुट्टीला यायची तेव्हा तिच्या कपड्यांना वेगळाच वास असायचा. आई म्हणायची, दमट वास आहे, उन्हात टाक. मला मात्र ते कपडे उन्हात टाकू नयेत असं वाटायचं.

शिक्षण संपवून ती परत आली त्याच आठवड्यात तिच्या मॅडमचा फोन आला. अंदमानातल्या एका बेटाजवळ समुद्राखालच्या प्रवाळांची पाहणी चालू होती आणि त्यांना मदतीला शिकलेलं माणूस हवं होतं. ताई फोनवर "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत अंगणात येरझारा घालत होती, आणि तिचा आवाज असा झाला होता की आईनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडून तिच्याकडं पाहिलं. रात्री जेवताना तिनं पप्पांना विचारलं. पप्पा रागावले नाहीत. रागावणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी ठेच्यात बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "रत्नागिरीपर्यंत ठीक होतं, पोरी. समुद्राच्या पलीकडं न्हाई."

"पप्पा, तिथं बाकीच्या मुली पण हायत."

"असतील. त्यांच्या बापाचं त्यांना माहीत."

ताईनं उरलेली भाकरी खाल्ली, ताट धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या खोलीतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकेक करून बाहेर आणायला लागली. पप्पांनी विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, "इथं एक काचेची पेटी ठेवायची आहे. माशांची." पप्पांना वाटलं, पोरीचं मन रमेल. त्यांनी स्वतः एक कोठी ओढायला हात लावला.

काच जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून कापून आणली. आम्ही दोघी ती बसमध्ये मांडीवर उभी धरून आलो, दोन्हीकडून गोधड्या लावून. खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून ताईनं त्या काचा सिलिकॉननं एकमेकींना जोडल्या. जोडताना ती श्वास रोखून धरायची आणि एक बाजू संपली की लांब सुस्कारा सोडायची, आणि मीही नकळत तसंच करायला लागले होते. पेटी वाळल्यावर तिच्यात साधं पाणी भरून ओसरीवर ठेवली. एका कोपऱ्यातून थेंब आला. ताईनं सगळं पाणी बादल्यांनी काढलं, आईनं ते धुण्याला घेतलं, आणि ताईनं तो कोपरा खरवडून पुन्हा जोडला. दुसऱ्या वेळी थेंब आला नाही. एवढ्यानंच आम्ही इतक्या खूश झालो की शेजारची माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

त्यांना बघायला मिळालं ते म्हणजे नुसत्या पाण्याची पेटी आणि पार्सलनं आलेली वाळूची पिशवी. पांढरी, शंखशिंपल्यांच्या भुग्यासारखी वाळू होती ती. समोरच्या घरातल्या काकू हसून हसून बेजार झाल्या. "वाळूबी पार्सलनं मागवली का गं? आपल्या दुधना नदीत वाळू कमी हाय?" मग मिठाची बादली आली. तेव्हा तर आईसुद्धा म्हणाली, "घरात खडेमीठ हाय की. ते टाक." ताईनं तिला समजावलं की समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं मीठ नसतं, त्यात चुना असतो, आणखी कायकाय असतं, आणि ते सगळं बराबर प्रमाणात लागतं. आईनं ऐकून घेतलं. पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. "नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई," ती म्हणाली, "अन् तुला घरात समुद्र पाह्यजे."

हे बोलणं ताईला लागलं. नंतर तिनं आईला जवळ बोलावून दाखवलं की पेटी एकदाच भरायची, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहतं, रोज उडून जाईल तेवढंच भरायचं, आणि अधूनमधून थोडं बदलायचं. आई अंगणवाडीतल्या पोरांचा हिशेब करायची तशी मान डोलवत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे रोज एक-दोन तांबे." ताई म्हणाली, हो. "मंग माझ्या वाटणीतले घे," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

पाणी साधं चालत नव्हतं, गाळलेलं लागायचं. ते रफिकभाईंच्या जारमधून यायचं. ते आमच्या गल्लीत छोट्या टेंपोतून पाण्याचे जार टाकायचे. पहिल्या दिवशी ताईनं एवढे जार उतरवायला सांगितले की त्यांना वाटलं घरात कार्य आहे. समुद्रासाठी आहेत हे कळल्यावर ते खोलीत येऊन बघून गेले. तेव्हापासून गल्लीत टेंपो शिरला की त्यांची हाक यायची, "क्या बेटा, आज दरियाला किती?" आमच्या घरात समुद्र हा शब्द ताईचा आणि दरिया हा रफिकभाईंचा. मला दरिया जास्त आवडायचा. झोपताना मी तो मनात म्हणून बघायची.

पाणी भरलं, दगड रचले. ते खऱ्या समुद्रातून काढलेले नव्हते, बनवलेले होते. समुद्रातलं काही उपटून आणायचं नाही हा ताईचा कडक नियम होता. पंप सुरू झाला, वर निळसर दिवा लागला. आणि मग काहीच झालं नाही. कितीतरी दिवस त्या पेटीत नुसतं पाणी गोल फिरत होतं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "आले का मासे?" पप्पा दारातून डोकावून जायचे. ताईनं बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक तुकडा त्यात टाकला होता, तो सडून खोलीला वास सुटला. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "हे काय गं?" तेव्हा ताई म्हणाली, "पाणी मुरावं लागतं, आई. लोणच्यासारखं. न दिसणारे जीव आधी येतात, मग दिसणारे." लोणच्याचं म्हटल्यावर आईला पटलं. त्यानंतर शेजारच्या काकूंना तीच सांगायची, "अजून मुरलं न्हाई."

त्या मुरण्याच्या दिवसांइतके शांत दिवस मला माझ्या सगळ्या लहानपणात आठवत नाहीत. मी शाळेतून आले की दप्तर घेऊन तिथंच बसायची. ताई लहान नळ्यांमध्ये पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची आणि पिवळा, हिरवा, गुलाबी रंग खिडकीतल्या उजेडात धरून बघायची. दगडांवर आधी तपकिरी साय धरली, नंतर ती जाऊन हिरवा थर आला. एका संध्याकाळी मला काचेवर टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी पांढरं पळताना दिसलं. मी ओरडले. ताई भिंग घेऊन आली, बघितलं, आणि फरशीवर बसून हसायला लागली. रत्नागिरीहून आल्यापासून ती पहिल्यांदाच एवढी हसली होती. "आला," ती म्हणाली, "पहिला पाव्हणा आला."

मासे पुण्याहून आले. एका दुकानदारानं थर्माकोलच्या खोक्यात भरून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं जालन्यापर्यंत पाठवले आणि आम्ही दोघी उजाडताना ते घ्यायला गेलो. परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. खोकं ताईच्या मांडीवर आणि माझा हात त्याच्या झाकणावर. बाहेर नुकताच कापूस फुटलेला होता, मैलोन्‌मैल, आणि त्यावर धुकं. खोक्याच्या आत पाण्याची पिशवी हलायची ते हाताला कळायचं, जसं गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवल्यावर कळतं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय हाय खोक्यात, पोरींनो?" ताई म्हणाली, "समुद्रातले मासे." बाबांनी बाहेरच्या कापसाकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं, आणि समजुतीनं म्हणाले, "लांबून आले म्हणायचे."

दोन मासे होते, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. एक लाल-पांढरी काडीसारखी कोळंबी होती. आणि दगडाच्या एका खपलीवर वाढवलेला हिरवा मऊ प्रवाळ, पिशवीतून काढला तेव्हा तो ओल्या चिंधीच्या बोळ्यासारखा दिसत होता. मी नाराज झाले. ताई म्हणाली, थांब. आम्ही थांबलो. दुपार गेली, आईनं पिठलं-भाकरी खोलीतच आणून दिली. उन्हं कलली तेव्हा त्या बोळ्यातून एक बारीक हिरवं बोट बाहेर आलं. मग दुसरं. प्रत्येकाच्या टोकाला आठ पाकळ्या होत्या, आणि पाण्याचा झोत येईल तसं ते सगळं एकदम वाकायचं, वाऱ्यावर ज्वारीचं शेत वाकतं तसं. आई हातात ताट घेऊन उभीच राहिली. "हे झाड हाय का जनावर?" तिनं विचारलं. ताई म्हणाली, जनावर. "मंग बसून काहून राह्यलं?" ताई म्हणाली, "त्याला जागा सापडली म्हणून."

मी आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. मधल्या काळात मी खरे समुद्र पाहिले, पश्चिमेचा पाहिला, पूर्वेचाही पाहिला. ते मला जरा मोठ्यानं बोलणारे वाटले. माझा समुद्र हलक्या आवाजाचा होता. पंपाची घरघर, वरून पडणाऱ्या पाण्याचा बुळुक बुळुक नाद, आणि मध्येच कोळंबीचा टिक असा आवाज. त्या हिवाळ्यात मी माझं अंथरूण तिथं नेलं. दिवा मालवायच्या आधी खोलीचा सगळा निळा रंग उरलेल्या ज्वारीच्या कोठीवर हलायचा. झोप आणि जाग यांच्यामधल्या जागेत मला वाटायचं, कोठी बुडालेलं जहाज आहे आणि मी तळाशी वाळूवर पडले आहे, आणि तरी मला श्वास घेता येतो आहे. आजही दवाखान्यात किंवा कुठं प्रवासात झोप येईना झाली, की मी त्या खोलीत जाऊन पडते.

आईचं आणि पेटीचं एक नातं जुळलं. रोज सकाळी आंघोळ झाली की ती तांब्यात गाळलेलं पाणी घेऊन यायची आणि काचेवर ताईनं केलेल्या खुणेपर्यंत ते हळूहळू ओतायची. ओतताना माशांशी बोलायची. मोठ्या माशाला ती सरपंच म्हणायची. पप्पा मात्र पेटी मांडल्यापासून कधी आत आले नाहीत. गाव त्यांना विचारायचं, सर, तुमच्या घरी समुद्र आला म्हणे, आणि ते नुसते हसायचे. दारात उभं राहून बघायचे आणि ताईनं मागं वळून पाहिलं की काहीतरी शोधायला आल्यासारखं करून निघून जायचे. त्या दोघांत भांडण नव्हतं. चहा देऊ का, दे, गाडीची वेळ झाली, हो, इतकं बोलणं होतं. पण ते अंदमानाचं बोलणं दोघांच्या मध्ये बसलेलं असायचं, आणि घरात आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालायचो.

मग स्थळं यायला लागली. पप्पांना जालन्याचं एक स्थळ फार आवडलं होतं. मुलगा निखिल, इंजिनियर, पुण्यात नोकरीला. माणसं आपल्यातली, शिकलेली. बघण्याचा कार्यक्रम मे महिन्यातल्या एका रविवारी ठरला. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "येऊ द्या." पाहुण्यांना दुपारी जेवण आणि संध्याकाळी त्यांना मंठ्याला नातेवाइकांकडे आपल्या गाडीनं सोडायचं, असं पप्पांनी फोनवर कबूल केलं.

त्या रविवारी सकाळीच आमच्या भागाची विजेची डीपी जळाली, सगळी गल्ली बंद पडली. मे महिन्यात हे व्हायचंच. पण त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातल्या बादलीला हात लावता येत नव्हता. घरातला इन्व्हर्टर दुपारपर्यंत कसाबसा चालला. पंख्यासाठी आणि पंपासाठी. मग त्यानं बारीक टूं टूं केलं आणि बंद पडला. मी कोठीच्या खोलीतच होते. पंपाची घरघर थांबली, आणि ती इतके महिने कानात बसलेली असल्यामुळं एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं. पाणी स्तब्ध झालं. हिरव्या प्रवाळाची बोटं एकेक करून आत गेली.

ताई आत आली ती नवी, जरीच्या काठाची साडी नेसून. तिनं पाण्यात बोट घातलं. "तापलं," ती म्हणाली. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. तिनं पदर खोचला, स्टीलचा लोटा घेतला, आणि पेटीतलं पाणी घेऊन उंचावरून परत सोडायला लागली, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. मला म्हणाली, "सुजे, बरफ आण. जल्दी." पाहुण्यांच्या मोसंबीच्या रसासाठी पप्पांनी रसवंतीवरून बर्फाची मोठी लादी आणून गोणपाटात ठेवली होती. मी ती फोडून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली आणि तोंडं घट्ट बांधून पिशव्या पाण्यावर तरंगत सोडल्या. लादी संपत आली तेव्हा बाहेर गेट वाजलं.

पाहुणे आले. निखिल, त्याची आई आणि मामा. सगळ्यांचे कपडे घामानं पाठीला चिकटलेले. आईनं कोमट रस दिला आणि ओशाळून हसली. पप्पा ताईला बोलवायला आत आले आणि दारातच थांबले. ताईचा पदर खांद्यापर्यंत भिजला होता.

"प्रज्ञा. पाव्हणे बसलेत."

"येते पप्पा. पण हात थांबवला तर हे जगणार न्हाईत."

"सुजी करील की."

"तिचे हात दुखून आलेत. तिला दम खाऊ द्या."

पप्पा बाहेर गेले आणि जसं होतं तसं सांगितलं. त्यावर मामा हसत म्हणाले, पण हसण्यात धार होती, "सर, आम्ही मुलगी बघायला आल्तो. मासे न्हाई."

तेव्हा निखिलची आई उठली. ठेंगणीशी, चष्मा लावलेली बाई होती. ती सरळ कोठीच्या खोलीत आली, पेटीकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, आणि बांगड्या मागं सारून म्हणाली, "दे इकडं एक लोटा. कसं टाकायचं सांग." आईनं घाईघाईनं दुसरा लोटा दिला. दोघी दोन बाजूंनी उभ्या राहून पाणी वर घ्यायच्या आणि सोडायच्या. निखिल दारात आला, त्याला काय करावं कळेना, मग तो वर्तमानपत्राची घडी घेऊन पाण्यावर वारा घालायला लागला. मला तो फार आवडला. मला वाटलं, होऊन जाऊ दे लग्न.

"हे सगळं तू एकटीनं मांडलं?" त्याच्या आईनं विचारलं.

"सुजी होती. आई होती."

"अन् लग्न झाल्यावर याचं काय करायचं ठरवलंय?"

ताईचा लोटा हवेतच थांबला. पाणी त्यातून धार धरून पडून गेलं. "काकू, तुम्ही चांगल्या आहात म्हणून खरं सांगते," ती म्हणाली. "मला अंदमानाला काम आलं होतं. समुद्राखालचं. घरातून न्हाई म्हणले, मंग मी हे मांडलं. मी न्हाई म्हणणार न्हाई कुणाला. पण माझं मन अजून तिकडंच आहे. ते तुम्हाला माहीत असावं."

तिनं हे रडत म्हटलं नाही. ती पुन्हा पाणी घ्यायला वाकली. त्या बाईंचा लोटा चालूच राहिला. मी दाराकडं पाहिलं. पप्पा तिथं उभे होते. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हता. कठीण गणिताची रीत फळ्यावर शेवटपर्यंत लिहून झाल्यावर वर कुठंतरी उजळणीत चूक सापडावी, तसे ते दिसत होते.

ते अंगणात गेले. थोड्या वेळानं पान्ह्याचा आवाज यायला लागला. पप्पा पांढऱ्या शर्टात गाडीचं बॉनेट उघडून बॅटरी सोडवत होते. मामा ओसरीवरून म्हणाले, "अहो सर, गाडी काहून खोलता? आम्हाला मंठ्याला जायचंय ना?"

"तुम्हाला ऑटो करून देतो," पप्पा वर न बघता म्हणाले. "माफ करा. बॅटरी लागती घरात."

त्यांनी ती जड बॅटरी छातीशी धरून आत आणली. शर्टावर काळे पट्टे उमटले होते. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा त्या खोलीत आले. गुडघ्यांवर बसले, इन्व्हर्टरच्या तारा काढून या बॅटरीला लावल्या, आणि ताईला म्हणाले, "बघ." ताईनं बटण दाबलं. पंप एकदा अडखळला आणि सुरू झाला. पाणी हललं. निखिलची आई "हां!" असं केवढ्यानं तरी ओरडली आणि मग स्वतःच लाजली. जेवणं त्या दिवशी उकाड्यात, गप्पा मारत झाली. मामा मात्र मोजकंच जेवले. ऑटोत बसताना त्या बाईंनी ताईच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला.

दिवेलागणीला वीज आली, आणि जवळजवळ त्याच वेळी पप्पांचा फोन वाजला. पलीकडं मामा होते. त्यांचा आवाज एवढा मोठा होता की सगळ्या घराला ऐकू येत होतं. मुलगी पसंत होती. निखिलच्या आईनंच लावून धरलं होतं म्हणे. पोरीच्या मनातलं त्या अंदमानाचं वारं लग्नानंतर आपोआप जाईल, आणि तेवढं माशांचं बंद करावं लागेल, कारण पुण्यातला फ्लॅट लहान आहे. आई पदरानं हात पुसत उभी होती. ताई खोलीच्या दारात होती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

"तुमचा मोठेपणा," पप्पा म्हणाले. "निखिलच्या आईंना माझा जयभीम सांगा. लई मोठ्या मनाची बाई. पण एक सांगायचं राहिलं. आमच्या पोरीला काम लागलंय. अंदमानाला. पावसाळा संपला की जाणार हाय ती."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई, तुम्ही आलात तव्हा ठरलं नव्हतं," पप्पा म्हणाले. "आत्ताच ठरलं."

त्यांनी फोन ठेवला. मग ताईकडं न बघता म्हणाले, "त्या मॅडमचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

"आहे."

"लाव मंग. रविवार हाय, पण लाव."

सगळंच वाचलं असं नाही. दुसऱ्या दिवशी कोळंबी वाळूवर आडवी पडलेली सापडली. आईनं तिला कण्हेरीच्या बुडाशी पुरलं. हिरवा प्रवाळ कित्येक दिवस मिटून बसला. ताईनं त्याच्यावरची आशा सोडली होती. जून लागून आभाळ भरून यायला लागलं तेव्हा एका दुपारी त्यातून एक बोट बाहेर आलं. त्या वेळी खोलीत एकटे पप्पा होते. तेच आम्हाला बोलवायला आले, आणि बोलवताना त्यांना त्याचं नाव आठवेना, म्हणून म्हणाले, "ते... ते उठलंय, चला."

मॅडमकडचं काम अजून चालूच होतं. पावसाळा संपल्यावर ताई निघाली त्या दिवशी आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. एवढी, की पलीकडच्या बेटावरच्या सगळ्यांना पुरावी. पप्पांनी तिची मोठी बॅग स्टेशनवर स्वतः उचलली आणि कुणाला हात लावू दिला नाही. सिकंदराबादकडं जाणारी गाडी आली, दोन मिनिटं थांबली. ताई दारात उभी राहून मला सूचना देत राहिली, पाणी किती, मीठ किती, दिवा कधी, आणि गाडी हलल्यावरही तिचा आवाज थोडा वेळ येत होता. पप्पांनी हात वर केला, पण हलवला नाही. गाडीचा मागचा डबा वळणाआड गेला तरी आम्ही तिघं फलाटावर तसेच उभे होतो. आई नाक पुसत होती. मला वाटलं पप्पा आता तिला काहीतरी धीराचं बोलतील.

"सुजे," ते म्हणाले, "आज सकाळी त्यांना खायला घातलं होतं का कुणी?"

मी आठवून पाहिलं. सामान बांधण्याच्या गडबडीत कुणीच घातलं नव्हतं. मी मान हलवली.

"मंग चल जल्दी," पप्पा म्हणाले आणि झपाझप चालायला लागले. आई मागून म्हणाली, "अहो, हळू. मासेच हायत ते." पप्पा थांबले नाहीत.